सर्वश्रुत नसलेली पांढरी द्राक्षे

माझ्या हातून आजवर जी वाक्ये लिहिली गेली, त्यांतील सर्वांत नुकसानकारक वाक्य अक्षराने सुबक, लेखनाने शुद्ध आणि कचेरीच्या रिवाजाला पूर्णपणे धरून होते. ते असे: "सदर द्राक्षाची जात दौलताबाद परिसरात सर्वत्र आढळत असून ती सर्वश्रुत आहे, तसेच गोडीच्या बाबतीत ती कोणत्याही नामांकित द्राक्षापेक्षा तिळमात्र कमी नाही." या एका वाक्यापायी एका बाईची अर्धा एकर बाग बुंध्यापासून कापली जाण्याची वेळ आली. ते मी का लिहिले आणि पुढे काय घडले, हे मीच नमूद करून ठेवणे योग्य होईल.

मी अर्जनवीस आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. परंतु शिक्षण आणि विद्या यांत अंतर असते, हे माझ्याकडे येणाऱ्या पदवीधरांनी वेळोवेळी सिद्ध केले आहे. तहसील कचेरीच्या आवाराच्या भिंतीला लागून माझे टेबल आहे. ही जागा आधी माझ्या मामांची होती. मामा निजामाच्या अमलात उर्दूतून अर्ज लिहीत. पोलीस ॲक्शन झाली, हळूहळू कचेरीची भाषा बदलली, आणि ज्या वयात माणसे नवे काही शिकत नाहीत त्या वयात मामांनी बाराखडीपासून मराठी गिरवली. अक्षरे बदलली तरी अर्जाचा घाट त्यांनी बदलला नाही. ते मला सांगत, "हक्क मागायचा असेल तर आधी ही गोष्ट नवी नाही असं लिही. पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे, आजूबाजूच्या सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी कधी हरकत घेतली नाही. हाकिमाला नव्या गोष्टीची भीती वाटते." पाणंदीचा वाद असो, विहिरीतला हिस्सा असो, दर्ग्यापुढच्या दुकानाची जागा असो, हा घाट कधी फसला नाही. माझा एकही अर्ज मजकुरातील उणिवेमुळे परत आला नव्हता आणि ही गोष्ट मी लोकांना सांगत असे.

त्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात दौलताबादकडची एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. वयाने माझ्याएवढीच. हातात पिशवी, पिशवीत सात-बाराचा उतारा आणि घडी घातलेले एक छापील पत्रक.

"लिहिनारे भाऊ तुमीच का? गावात म्हनले, तुमचा अर्ज परत येत नाय."

"खरे आहे," मी म्हणालो. "बसा."

तिने जे सांगितले ते थोडक्यात असे. तिच्या सासऱ्यांनी लावलेली पांढऱ्या द्राक्षांची जुनी बाग आहे. मणी लहान, साल जाड, आत बी. बाजाराला बिनबियांची लांबट द्राक्षे हवी असतात. ही कोणी विचारीत नाही. नवरा शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि शेतीचे तुम्ही दोघे ठरवा म्हणून मोकळा होतो. दोघे म्हणजे ही आणि तिचा धाकटा दीर. जमीन अजून वाटली गेलेली नाही आणि विहीर एकच आहे. दिराचे म्हणणे, यंदाची फळे उतरली की वेली बुंध्यापासून कापायच्या आणि नवी जात लावायची. त्याने मुदत दिली होती आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. फळांनंतर वेली मागे छाटून नवी फूट आणायची ती उन्हाळ्यातली खरडछाटणी, ती फार तर तोवरच लांबवता येते.

"मग कापू द्या की," मी म्हणालो. "न विकणारे पीक ठेवून काय करणार?"

तिने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "माझं लगीन झालं त्या साली दुष्काळ पडला. निम्मी बाग वाळली. सासरे म्हनले, जाऊ दे. मी डोक्यावरून पानी घातलं वर्सभर. जगलेल्या वेलींच्या काड्या लावल्या, मेलेल्यांच्या जागी. आज जी बाग हाय ना भाऊ, त्यातली निम्मी माझ्या हातची हाय. बाकी सगळं या घरात सासरच्यांचं."

पत्रक होते त्या भागात नव्याने निघालेल्या एका वाइनच्या कारखान्याचे. पांढऱ्या द्राक्षांच्या ज्या जाती शेतकऱ्यांकडे असतील त्यांची माहिती लेखी कळवावी, नमुन्याचा विचार केला जाईल, एवढेच त्यात होते.

"तिथल्या मॅडम गावात आल्या होत्या," बाई म्हणाली. "त्या म्हनल्या, येगळी आसंल तर बघू."

"ते माझ्यावर सोडा," मी म्हणालो, आणि दौत पुढे ओढावी तसा कागद पुढे ओढून मामांच्या घाटात अर्ज लिहिला. वाचून दाखवला तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली.

"सर्वत्र म्हंजी सगळीकडं ना? पन भाऊ, ही तर आता कुठंच नाय. आमच्या शिवारात येवढीच ऱ्हायली. अन् गोड कुठं हाय? आंबट हाय की चांगली."

"ताई, ही कचेरीची भाषा आहे. ती तुम्हाला कळायची नाही. आपल्याकडचा माल आंबट आहे असे कोणी स्वतःहून लिहून देते का?"

तिने सही केली. अंगठा नव्हे, सही. प्रत्येक अक्षर वेगळे काढून.

उत्तर माघात आले. ती ते घेऊन आली तेव्हा माझ्यापुढे दोन माणसे बसली होती. ती त्यांच्या मागे उभी राहिली, त्यांचे काम होऊ दिले, आणि ती माणसे उठल्यावर कागद टेबलावर ठेवला. पत्र सभ्य होते. अर्जावरून ही जात परिसरात सर्वत्र लावली जाणारी व खाण्याच्या गोड द्राक्षांपैकी दिसते, आम्ही फारशा परिचित नसलेल्या व पिकल्यावरही आंबटपणा टिकवणाऱ्या पांढऱ्या जातींच्या शोधात आहोत, सबब नमुना मागवण्याचे कारण दिसत नाही, आपले आभार.

मी ते दोनदा वाचले.

"परत नाय आला तुमचा अर्ज," बाई म्हणाली. "तिथंच ऱ्हायला. नुसता नकार आला."

शेजारच्या टेबलावरचा मुद्रांकविक्रेता हसला. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

"भाऊ, माझी बाग तुमी एका कागदात गोड केली. मला वीस वर्सांत जमलं नाय ते. आता दिराला काय सांगू? कापा म्हनू?"

मी ते पत्र घडी घालून ठेवले.  मामांचा घाट हाकिमासाठी होता. येथे कागद वाचणारे माणूस हाकीम नव्हते. त्याला नेमकी ती गोष्ट हवी होती जी कोणालाच ठाऊक नाही. मी न पाहिलेल्या वेलींबद्दल, न चाखलेल्या फळाबद्दल शपथेवर लिहावे तसे लिहिले होते. मी तिला म्हणालो, "ताई, येत्या रविवारी मी तुमच्याकडे येतो. आधी पाहतो, मग लिहितो."

"बघा बापा," ती म्हणाली. "पन या वेळी ऐका बी."

रविवारी मी बसने दौलताबादला उतरलो. किल्ल्यापुढे पेरूच्या टोपल्या लागल्या होत्या आणि सहलीची पोरे बुरुजाकडे बोट दाखवून एकमेकांना चुकीचा इतिहास सांगत होती. एरवी मी तो दुरुस्त केला असता. बाग तेथून चालत अर्ध्या तासावर होती. दगडी खांब, त्यांवर तारा, तारांवर वेलींचा मांडव. बुंधे मनगटाहून जाड आणि साल दोरासारखी सुटलेली. मांडवाखाली वाकून शिरावे लागत होते. वरून घड लोंबत होते: मणी हिरवट पांढरे, उन्हाकडच्या बाजूला किंचित तांबूस ठिपके, घड सैल, हवा जाईल असे.

मांडवाखाली एक म्हातारे गृहस्थ पोत्यावर बसून सुतळी वळत होते. हे चाचा. आयुष्यभर त्यांनी या पट्ट्यातील बागांत छाटणी आणि कलमे बांधण्याचे काम केले होते, आणि काड्या लावायला या बाईला त्यांनीच शिकवले होते. ते तिला 'बहू' म्हणत.

"आव मुन्शीजी," ते म्हणाले. "तुमिच वो, जिनोंने हमारे अंगूर मिठे किये?"

बातमी माझ्या आधी पोचली होती. मी म्हणालो, "दुरुस्त करायला आलोय, चाचा."

"हौ, करो. पैले खाके देखो."

मी एक मणी तोंडात टाकला. आधी गोडी आली, हे मी प्रामाणिकपणे सांगतो; पण ती पायरीवर पाय ठेवून आत न येता निघून जावी तशी गेली आणि मागून आंबटपणा आला, जिभेच्या दोन्ही कडांनी. बी चावली गेली तेव्हा थोडा कडवटपणा आला. बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"पिकलेला आहे हा?"

"पुरा पिकलाय. अजून पंधरा दिस ऱ्हाऊ द्या, उन्हात भाजू द्या, तरी आसाच लागंल. दुसऱ्या द्राक्षांचा आंबटपना ऊन वाढलं की पळतो. हिचा नाय पळत."

मी वही काढली आणि विचारायला सुरुवात केली. या वेळी मी सांगत नव्हतो, विचारीत होतो. ही फकडी का? चाचा म्हणाले नाही, फकडीचा मणी लांब. पांढरी साहेबी का? नाही, साहेबीची साल पातळ, ती नुसते बोट लावले तरी फुटते. भोकरी? "भोकरी तो मेरी अम्मा भी पैचान लेती, अंधेरे में. ये वो नै." या सगळ्या जुन्या जाती दौलताबादच्या आसपास कधीकाळी होत्या आणि चाचांनी त्या हाताळल्या होत्या, त्यांतून एकेक नाव त्यांनी बोटावर मोजून वगळले. त्यांना एवढे माहीत होते की काड्या एका जागीरदाराच्या बागेतल्या. पोलीस ॲक्शननंतर जागिरी गेल्या, बागेचे पाणी तुटले, माळी लोक वाळत्या वेलींच्या काड्या ज्याला त्याला वाटून निघून गेले. चाचांचे वडील त्या माळ्यांपैकीच. एक मोळी बाईच्या सासऱ्यांनी नेली. बाकीच्या मोळ्यांचे काय झाले, कोणी लावल्या, कोणी चुलीत घातल्या, हे सांगणारे आता कोणी नाही.

"नाव काय म्हणायचे ते लोक?"

"अब्बा बोलते थे, वो सफेदवाली. बस. बाग में और बी सफेद थे, फिर बी ये 'वो सफेदवाली'."

तेथेच पोत्यावर बसून मी दुसरा अर्ज लिहिला. तो लिहिताना मला जो त्रास झाला तो मी लपवीत नाही. प्रत्येक ओळीला हात आपोआप 'पिढ्यानपिढ्या'कडे वळे आणि मी तो मागे ओढी. अर्ज पाऊण पानाचाच झाला. "ही द्राक्षे आंबट आहेत. पूर्ण पिकल्यावरही आंबटपणा राहतो. साल जाड आहे, बी आहे, बाजारात मागणी नाही. आमच्या शिवारात ही अर्धा एकरच आहेत. इतरत्र असल्यास आम्हांस माहीत नाही. जातीचे नाव माहीत नाही. पूर्वीच्या अर्जातील मजकूर चुकीचा होता. ती चूक अर्जदाराची नसून लिहिणाऱ्याची आहे. आखितीनंतर वेली कापल्या जाणार आहेत, तरी त्यापूर्वी पाहावे ही विनंती."

वाचून दाखवला तेव्हा बाई म्हणाली, "हां. आता ही माझी बाग हाय."

चाचा म्हणाले, "मुन्शीजी, लिखना तो आताय तुमकू."

मॅडम फाल्गुनात आल्या. नाशिककडच्या, तिशीच्या आतल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्या वाइन बनवण्याचे शास्त्र परदेशात शिकून आल्या होत्या. ज्याने अर्ज लिहिला त्यालाही भेटायचे आहे असा त्यांचा निरोप होता, म्हणून मी गेलो. त्यांनी मण्याचा रस एका नळीच्या काचेवर पिळून ती नळी दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली, मग रसाची दुसरी परीक्षा केली आणि बाईला विचारले, "एवढ्या साखरेला एवढा आंबटपणा? वेलीला लिंबाचं पाणी घालून मला फसवत तर नाही ना?"

"मी कशाला फसवू? ज्यांनी फसवलं ते तिथं बसलेत," बाई माझ्याकडे हात करून म्हणाली.

मॅडम हसल्या. "काका, मला दिवसाला दहा अर्ज येतात. सगळ्यांची द्राक्षं अमृतासारखी गोड. आंबट आहेत असं लिहिणारे तुम्ही पहिले."

माझी मान आपोआप ताठ झाली, हे खरे आहे.

त्यांनी काही क्रेट द्राक्षे नेली. थोडीच असल्याने ती काचेच्या मोठ्या बरण्यांत वेगळी आंबवायची आणि आखितीच्या आधी निकाल सांगायचा, असे ठरले. दीर त्या दिवशी बांधावर उभा राहून सगळे पाहत होता. अंगाने धिप्पाड, बोलायला कमी. त्याने एवढेच म्हटले, "वहिनी, आखिती म्हंजी आखिती."

आखितीला तीन दिवस राहिले असताना कारखान्यातून बोलावणे आले. बाई आदल्या दिवशी माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी चला. तिथं जे होईल त्याचा पंचनामा करा. नायतर उद्या भाऊजी म्हनतील, तिथं काय ठरलं ते मला आठवत नाय. त्यांना बी आनते."

वाइनच्या चवीचा पंचनामा आजवर कोणी केला असेल असे मला वाटत नाही. पण पंचनामा म्हणजे काय? जे प्रत्यक्ष दिसले, ऐकले, ते चार माणसांसमक्ष, आपल्याकडचे न मिसळता उतरवणे. मी नवी वही घेतली.

कारखान्याच्या मागच्या खोलीत पांढऱ्या कापडाचे टेबल होते आणि त्यावर प्रत्येकासमोर नुसते आकडे लिहिलेले पाच काचेचे पेले. कोणत्यात काय आहे ते मॅडमनी मुद्दाम सांगितले नाही. मागाहून कळले ते असे: एकात शेनिन ब्लांक, ही वाइनची पांढरी जात इकडे सर्रास लावतात. तिघांत त्यांच्या प्रयोगाच्या ओळींतल्या, आपल्याकडे फार कमी लावलेल्या परदेशी पांढऱ्या जाती. आणि एकात बाईची.

"चाचा, तुम्ही?" मॅडमनी विचारले.

"मैं पीता नहीं बेटी. लेकिन सूँघने की मनाई किदर बी लिखी नहीं."

मी स्वतः आयुष्यात मद्य घेतलेले नव्हते. परंतु साक्षीसाठी चाखणे हे पिणे नव्हे, असा निर्णय मी मनातल्या मनात दिला आणि तो पंचनाम्याच्या पहिल्या ओळीत नोंदवूनही ठेवला. दिराला निर्णयाची गरज पडली नाही. त्याने पहिला पेला एका घोटात संपवला.

"भाऊजी, चव घ्यायची असती," बाई म्हणाली. "तहान नाय भागवायची."

"मंग येवढी थोडी कशाला देतेत?"

त्या पानावरचा मजकूर माझ्याकडे आहे, तो असा. पेला एक: पिकलेल्या पेरूचा वास, शेवटी मध. पेला दोन: पाण्यासारखा स्वच्छ, वास जवळजवळ नाही, लिंबाची फोड चोखल्याप्रमाणे. पेला तीन: जर्दाळू, त्यामागे मोगरा, घोट मात्र जड, तोंडात बसून राहतो. पेला चार: नव्या माठातल्या पाण्याचा वास, मग चिरलेल्या कैरीचा, शेवटी बी चावल्यासारखा कडवट. पेला पाच: कापून ठेवलेले सफरचंद, बडीशेप. यातील बडीशेप चाचांनी नाकाने ओळखली आणि मॅडमनी टेबलावर थाप मारली. "क्लेरेट जातीची हीच खूण! हे मला शिकायला वर्ष लागलं, चाचा."

मग चाचा परत चौथ्या पेल्याकडे वळले. डोळे मिटून त्यांनी तो बराच वेळ नाकाशी धरला. "बहू," ते म्हणाले, "ये अपना मांडव है."

बाईने पेला घेतला, जिभेला लावला आणि खाली ठेवला. तिची नजर मॅडमच्या चेहऱ्यावर होती. मॅडमनी चौथ्या पेल्यातला घोट पुन्हा घेतला, तोंडात फिरवला, पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकला, पुन्हा घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या.

"खरंच सांगा. लिवायला मानूस आनलाय."

"एकटी ही पुरेशी नाही. सुरुवात छान, शेवट छान, मध्ये काही नाही. पोकळ आहे. बाटलीत भरून विकता येईल अशी वाइन ही नाही."

मी ते जसेच्या तसे लिहिले.  दीर पायांची चाळवाचाळव करून उठला. "झालं तर मंग," तो म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात जिंकल्याचा आवाज नव्हता. बाई जागची हलली नाही.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खुणा असलेले एक उभट काचेचे भांडे घेतले, त्यात तिसऱ्या पेल्यातली, म्हणजे जर्दाळूच्या वासाची वाइन ओतली आणि वरून चौथीतली थोडी. हलवली. वास घेतला. आणखी थोडी चौथी घातली. "या तिसरीचं नाव विऑन्ये. वास इतका सुंदर की हातातून सोडवत नाही. पण आपल्या उन्हात तिचा आंबटपणा झडून जातो. दरवर्षी मी हिच्यापायी डोकं धरून बसते. दुसरी, ती उनी ब्लांक. ती आंबट आहे, पण तिला स्वतःचं काही बोलायचं नसतं. मिसळली की नुसतं पाणी पडल्यासारखं होतं." त्यांनी ते भांडे चाखले. मग एकदम त्या लहान मुलीसारख्या दिसल्या. "घ्या. सगळ्यांनी घ्या."

मी घेतले. जर्दाळू तोच होता, पण तो आता तोंडात बसून राहिला नाही. उठून चालू लागला. मोगऱ्याच्या मागून कैरी आली. जी पोकळी होती तिथे दुसरी कोणी येऊन बसली होती. मी पंचनाम्यात लिहिले: "पेला तीन व चार एकत्र केले असता दोघांचेही उणे दिसेनासे होते." त्यापेक्षा नेमके मला आजही लिहिता येणार नाही.

दिराने आपला घोट घेतला आणि या वेळी तो तोंडात धरून ठेवला. "ही आपली हाय?"

"त्यात तुमची आहे," मॅडम म्हणाल्या. "ऐका. तीन हंगाम प्रयोगासाठी या अर्ध्या एकरातली सगळी द्राक्षं आम्ही घेऊ. आणि छाटणीत निघतील त्या काड्या माझ्या प्रयोगाच्या रानात एक पूर्ण ओळ लावायला हव्यात. तीन हंगामांनंतर काय, ते मी आज लिहून देऊ शकत नाही. हीसुद्धा फसू शकते."

"तीन वर्सं," दीर बोटांवर मोजत म्हणाला.  मग तो बाईला म्हणाला, "विहिरीचं पानी?"

"माझ्या पाळीतलं घालते. तुमच्या गव्हाला हात लावत नाय."

"तसं नको." त्याने पेला कापडावर गोल फिरवला. "बागंची पाळी बागंला. काकांनी लावलेली हाय ती. मी बी ल्हान आसताना त्याच मांडवाखाली झोपायचो." त्या भागात बापाला काका म्हणणारी घरे आहेत, हे घर त्यांपैकी. मग तो माझ्याकडे वळला. "लिवनारे भाऊ, माझं नाव बी घाला त्याच्यात. मी पेलो, अन् चांगली लागली म्हनून. अन् वेली कापायच्या नायत, नुसती खरडछाटनी, असं बी लिवा."

बाईने पदर डोळ्यांकडे नेला आणि मध्येच थांबवून कपाळाचा घाम पुसला. "चार शब्द बोलायला येवढं प्यावं लागलं व्हय भाऊजी तुमाला?"

"वहिनी, पाचवा पेला अजून ऱ्हायलाय."

मी ते सर्व उतरवले. चाचांनी पंच म्हणून उर्दूत सही केली, दिराने मराठीत, मॅडमनी इंग्रजीत. त्यानंतर मॅडमनी छापील कराराचा कागद माझ्यापुढे सरकवला. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, वेलींचे वय. हे सर्व मी बाईला विचारून एकेक भरत गेलो. मग रकाना आला: जातीचे नाव.

"काहीतरी घालूया का?" मॅडम म्हणाल्या. "तुमच्या गावाचं नाव देऊ? किंवा ताईंचं? नोंद तर हवी."

मला तत्क्षणी चार नावे सुचली, आणि ती चारही भारदस्त होती. लेखणी कागदाला टेकली होती. मी मान वर करून बाईकडे पाहिले.

"तुमाला काय वाटतं, भाऊ?" तिने विचारले.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. माझ्या टेबलावर हे उत्तर मी कधी दिलेले नाही. येथे ते सहज आले. "चाचांनाही ठाऊक नाही. जिथून आली तिथले कोणी उरले नाही. पण त्या माळ्यांनी बऱ्याच मोळ्या वाटल्या होत्या. खुलताबादकडे, कन्नडकडे एखाद्या परसात ही उभी असेल आणि तिथल्या म्हातारीला नाव माहीत असेल."

"अब मैं पूछता फिरूँगा," चाचा म्हणाले. "मेरेकू दुसरा काम क्या है?"

"मंग आज नगा लिवू," बाई म्हणाली. "सापडलं की लिवू. जागा तेवढी ठिवा, मोठी. नाव लांबबी आसंल."

मी रकान्यात बारीक अक्षरात 'शोध सुरू आहे' एवढे लिहिले आणि त्यापुढची सगळी जागा कोरी ठेवून कागद तिच्यापुढे धरला. तिने लेखणी घेतली आणि प्रत्येक अक्षर वेगळे काढत सही केली.